गाडीने जानापावच्या माथ्यावर

इंदूरहून अर्ध्या दिवसात जाऊन येण्याजोग्या ठिकाणांचा विषय निघाला की पाताळपाणी, तिंछा, चोरल ही नावे आधी घेतली जातात आणि जानापावचा उल्लेख बहुधा ‘परशुरामाचे मंदिर आहे तो डोंगर’ एवढ्यावर संपतो. उल्लेख खोटा नाही, पण फार अपुरा आहे. इंदूरच्या आसपासच्या ठिकाणांमध्ये आपण कोणत्या भूमीवर राहतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे ठिकाण माझ्या पाहण्यात नाही, आणि तिथे पोहोचण्यासाठी पायांत बळ असावे लागत नाही, कारण पक्का घाटरस्ता थेट माथ्यापर्यंत गेलेला आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना डोंगरावरून दिसणारे जग दाखवावे असे ज्यांना वाटते, पण त्यांचे गुडघे आणि दम यांमुळे जे थांबून राहतात, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून मी हा अभिप्राय लिहीत आहे.

जानापाव इंदूरपासून साधारण 45 किलोमीटरवर, महू तहसिलीत आहे. राऊ ओलांडून एबी रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई मार्गाने, महू-पीथमपूरचा परिसर मागे टाकून मानपूरच्या दिशेने निघावे आणि मानपूर येण्याआधी जानापाव कुटीच्या फाट्याला वळावे. महामार्ग उत्तम असला तरी त्यावर मुंबईकडे जाणारे ट्रेलर आणि ट्रक यांची रांग सतत असते, त्यामुळे सकाळी लवकर निघणे चांगले. महू ही 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर, इंग्रजांनी वसवलेली छावणी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. वेळ असेल तर जाताना त्यांच्या जन्मभूमीवरील स्मारकाचे दर्शन घेता येते, मात्र तसे करायचे असेल तर घरून आणखी लवकर निघावे. बसने येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. मानपूर-धामनोदकडे जाणारी बस महामार्गावर सोडते, आणि तिथून पुढचा चढ वृद्धांच्या आवाक्यातला नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असल्याशिवाय वडीलधाऱ्यांना इथे आणण्याचा विचार करू नये.

फाट्यानंतर रस्ता प्रथम शेतांमधून जातो आणि मग डोंगराला भिडतो. चढ खडा आहे, वळणे तीव्र आहेत, आणि काही वळणांवर समोरून येणारे वाहन अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. ज्यांना घाटात गाडी चालवण्याचा सराव आहे त्यांना यात भीतीचे काही नाही, पण ज्यांनी केवळ शहरात किंवा महामार्गावर गाडी चालवली आहे त्यांनी सरावलेल्या माणसाच्या हाती चाक द्यावे. चढणारी गाडी मध्येच थांबवावी लागली तर पुन्हा उचलणे जड जाते, म्हणून पहिला-दुसरा गिअर धरून, प्रत्येक वळणाआधी भोंगा वाजवून, संथ गतीने चढणे हाच योग्य मार्ग आहे. पावसाळ्यात ढग खाली उतरतात तेव्हा काही पावलांपुढचा रस्ताही दिसेनासा होतो. अशा वेळी दिवे लावावेत आणि मागून येणारा कितीही घाई करत असला तरी आपली गती वाढवू नये.

माथा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेआठशे मीटर उंच आहे आणि इंदूर सुमारे साडेपाचशे मीटरवर, म्हणजे आपण शहरापेक्षा तीनशे मीटर वर येतो. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट 1,439 मीटरवर आणि पचमढीचे धूपगड 1,352 मीटरवर आहे. त्या दोन्ही ठिकाणीही वाहनाने वरपर्यंत जाता येते, आणि त्यांच्याशी उंचीची तुलना केली तर जानापाव ठेंगणेच ठरेल. थंड हवेच्या ठिकाणाची अपेक्षा घेऊन येणाऱ्याची इथे निराशा होईल, कारण एवढ्या उंचीने तापमानात दोनेक अंशांचाच फरक पडतो. जाणवतो तो वारा. पठारावर कुठेच न भेटणारा, अडथळ्याविना येणारा असा तो वारा आहे की ऐन दुपारीही वडीलधाऱ्यांच्या अंगावर शाल असावी.

गाडी उभी करण्याच्या जागेपासून मंदिरापर्यंत थोडा चढ आणि काही पायऱ्या आहेत. चालता येणाऱ्या वृद्ध व्यक्तीला हाताला धरून सावकाश नेता येते. चाकांच्या खुर्चीने मात्र मंदिराच्या आतपर्यंत जाणे कठीण आहे. ज्यांना पायऱ्या जमणार नाहीत त्यांनी खंत करण्याचे कारण नाही, कारण गाडी उभी राहते त्या बाजूनेही दृश्य मोकळे आहे. मंदिरात परशुरामांची मूर्ती आहे, परिसरात शिवमंदिर आहे आणि जमदग्नींच्या आश्रमाची जागा म्हणून हे स्थान पूजले जाते. जवळच एक कुंड आहे. या कुंडातून आणि या डोंगरातून साडेसात नद्या निघतात अशी इथली श्रद्धा असून त्यांत चंबळ, गंभीर, चोरल, कारम यांची नावे घेतली जातात.

बहुतेक लोक दर्शन घेतात, कुंडात डोकावतात, छायाचित्रे काढतात आणि उतरू लागतात. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. खरी भेट दर्शनानंतर सुरू होते, आणि तिच्यासाठी माथ्यावर निदान दोन तास हाताशी हवेत.

एखाद्या सावलीच्या, वारा फार न लागणाऱ्या जागी सतरंजी घालून बसावे आणि आधी उत्तरेकडे पाहावे. समोर माळव्याचे पठार पसरलेले दिसते: शेतांचे तुकडे, मधूनमधून तळी, पीथमपूरच्या कारखान्यांचा पट्टा आणि त्यापलीकडे हवा स्वच्छ असेल तर महू-इंदूरच्या दिशेची वस्ती. हे पठार उत्तरेकडे अगदी मंद उताराने झुकलेले आहे, इतके मंद की खाली राहताना तो उतार कुणाच्या ध्यानात येत नाही, पण पाण्याच्या तो नेमका ध्यानात असतो. जानापावच्या या बाजूला पडलेला पाऊस उत्तरेला धावतो. चंबळ, म्हणजे प्राचीन ग्रंथांमधली चर्मण्वती, इथून निघून धार, उज्जैन, रतलाम, मंदसौर असे जिल्हे ओलांडते, गांधीसागराच्या जलाशयात विसावते, राजस्थानात कोट्यावरून जाते, मग मुरैना-भिंडच्या बीहडांमधून, म्हणजे मातीतल्या खोल घळींमधून, घडियाल आणि डॉल्फिन यांना आश्रय देत सुमारे 960 किलोमीटरचा प्रवास करून उत्तर प्रदेशात इटाव्याच्या परिसरात यमुनेला मिळते. म्हणजे आपल्या पायाशी पडलेला थेंब यमुनेतून गंगेत आणि गंगेतून बंगालच्या उपसागरात जातो.

आता दक्षिणेकडे वळावे. इथे चित्र एकदम बदलते. पठाराचा मंद उतार नाहीसा होतो आणि विंध्याची कड खाली कोसळत गेलेली दिसते. दऱ्या, त्यांच्यात शिरलेले साग-पळसाचे जंगल, आणि धुके नसेल तर पलीकडे निमाडचा सखल प्रदेश. चोरल, कारम या नद्या याच दक्षिण उताराचे पाणी घेऊन नर्मदेला जातात आणि नर्मदा भरूचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. एका डोंगरावर पडलेल्या एकाच सरीचे पाणी अशा रीतीने देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना पोहोचते. पाणलोटाची रेषा शाळेच्या नकाशात आपण सर्वांनी पाहिलेली असते, पण तिच्यावर उभे राहून दोन्ही उतार एका नजरेत पाहणे हा निराळा अनुभव आहे, आणि तो इथे कोणत्याही वयाच्या माणसाला विनासायास मिळतो.

इंदूरकरांसाठी या दृश्यात आणखी एक गोष्ट आहे. गंभीर नदी याच डोंगररांगेतून निघून उत्तरेला जाते आणि पुढे क्षिप्रेला मिळते. तिच्यावर होळकरांच्या काळात बांधलेला यशवंतसागर इंदूरची तहान दीर्घकाळ भागवत आला. त्याच यशवंतसागराला 2022 मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने जे पाणी प्यायले त्याचा उगम इकडचा, आणि ते पाणी उताराने, स्वतःच्या पायांनी शहराच्या दिशेने येत होते. शहर वाढले तसे ते पुरेनासे झाले. लोकांनी आंदोलन केले आणि 1978 पासून मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी इंदूरला येऊ लागले. जलूद या कडेच्या दक्षिणेला, खाली निमाडात आहे. नर्मदेचे पाणी आपल्या घरच्या नळाला यायचे तर ते सुमारे 70 किलोमीटर दूर आणलेच पाहिजे, शिवाय पंपांनी शेकडो मीटर वर उचलून ही विंध्याची कड ओलांडलीच पाहिजे. ही कड निसर्गाने पाण्याच्या वाटणीची सीमा म्हणून घातलेली आहे आणि आपले शहर रोज वीज खर्च करून ती ओलांडते. हे आकडे वर्तमानपत्रात वाचून जे समजत नाही ते इथे दक्षिणेच्या दरीत पाहताना क्षणात समजते. घरातल्या मुलांना जलसंवर्धनावर निबंध लिहायला लावण्याआधी एकदा इथे आणावे, असे मी मनापासून सुचवते.

डोंगराच्या जन्माविषयी इथे नेहमी एक गोष्ट ऐकू येते, ती म्हणजे हा मृत ज्वालामुखी असून कुंड हे त्याचे मुख आहे. पायाखालचा काळा खडक ज्वालामुखीचाच आहे, यात शंका नाही. माळव्याचे पठार आणि महाराष्ट्राचा सह्याद्री हे दोन्ही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एकाच लाव्हाच्या थरांचे भाग आहेत. मात्र तो लाव्हा प्रामुख्याने भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पसरला, उंच शंकूच्या एका तोंडातून उसळला नाही. त्यामुळे कुंडाला ज्वालामुखीचे मुख समजण्यापेक्षा, पुण्या-नाशिकच्या डोंगरांशी आपल्या माळव्याचे खडकाचे नाते आहे, ही वस्तुस्थिती मला अधिक मोलाची वाटते. पिढ्यानपिढ्या इंदुरात राहूनही दख्खनची ओढ न सुटलेल्या मराठी माणसाला ती निश्चितच सुखावेल.

परशुरामांची कथा तर आपल्या घरांमध्ये जन्मापासून ऐकलेली असते. चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्रामुळे आणि कोकण त्यांनी समुद्र हटवून निर्माण केले या आख्यायिकेमुळे कोकणातून आलेल्या कुटुंबांचे, आणि माहूरच्या रेणुकामातेमुळे मराठवाडा-विदर्भातून आलेल्यांचे मन या कथेत गुंतलेले आहे. स्थानिक परंपरेनुसार परशुरामांचा जन्म जानापावला झाला. ही परंपरा इथल्या भूगोलाशी किती जुळते, ते माथ्यावरून दिसते. जमदग्नींची कामधेनू बळाने नेणारा सहस्रार्जुन माहिष्मतीचा राजा, आणि माहिष्मती म्हणजे नर्मदाकाठचे महेश्वर असे परंपरेने मानले जाते; आजही महेश्वरला सहस्रार्जुनाचे, म्हणजे राजराजेश्वराचे, मंदिर आहे. महेश्वर याच कडेच्या खाली, दक्षिणेला आहे. ऋषींचा आश्रम वर जंगलात आणि राजाची नगरी खाली नदीकाठी, ही कथेतली मांडणी इथे प्रत्यक्ष जमिनीवर उभी राहते. इतिहास म्हणून या गोष्टींचा पुरावा देता येणार नाही, तरी त्याच महेश्वरातून पुढे देवी अहिल्याबाईंनी राज्य केले, हे लक्षात घेतले की आपल्या मराठी माणसांच्या माळव्यातल्या इतिहासाचा धागाही या दृश्यातून सुटत नाही.

आमच्या आत्याबाईंना, ज्यांचे चालणे आता घरापुरतेच राहिले आहे, मी इथे आणले तेव्हा त्यांनी दर्शनापेक्षा दक्षिणेच्या दरीकडे अधिक वेळ पाहिले आणि विचारले, “अगं, नर्मदामाई नेमकी कुठल्या अंगाला? हात करून दाखव ना.” मी दाखवले. नर्मदा इथून डोळ्यांना दिसत नाही, पण दिशा कळल्यावर त्यांनी तिकडे हात जोडले. डोंगर चढून येणाऱ्याला दृश्याचा अधिक हक्क असतो, असे मानणारे लोक आहेत, आणि जानापावला जंगलातून चढणारी पायवाटही असल्यामुळे पावसाळ्यात तरुणांचे गट तिने येतात. त्यांच्या कष्टांचा मला आदरच आहे. पण आत्याबाईंच्या वाट्याला हे दृश्य यावे यासाठी रस्ता हवाच होता, आणि तो केल्याबद्दल ज्यांनी ज्यांनी श्रम केले त्यांचे मी ऋण मानते.

हंगामाविषयी माझे मत ठाम आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा काळ वृद्धांना घेऊन येण्यासाठी सर्वोत्तम: डोंगर हिरवे असतात, हवा धुतलेली असते आणि दूरवरचे दिसते. ऐन पावसाळ्यात माथा ढगांत असतो आणि ते फार सुंदर असते हे मान्य, पण तेव्हा वर सांगितलेले दोन उतार दिसत नाहीत, पायऱ्या निसरड्या होतात आणि घाट अवघड होतो. उन्हाळ्यात पानगळीचे जंगल उघडे पडते, ऊन तापते; फाल्गुनात फुललेला पळस मात्र पाहण्यासारखा. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी जत्रा भरते आणि अक्षय तृतीयेला, परशुराम जयंतीला, भाविकांची गर्दी होते. श्रद्धेने जायचे असेल तर ते दिवस योग्यच आहेत, परंतु शांतपणे बसायचे असेल किंवा सोबत अशक्त माणूस असेल तर ते दिवस टाळावेत आणि शक्यतो रविवारही टाळावा.

उणिवा सांगणे आवश्यक आहे, कारण या जागेवर माझे प्रेम आहे. सर्वांत मोठी उणीव ही की माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो काय पाहतो आहे हे समजावून सांगणारा दिशादर्शक फलक मला कुठे आढळला नाही. उत्तरेला चंबळ, दक्षिणेला नर्मदा, पलीकडे महेश्वर, इतके तीन बाण दाखवणारा एक दगडी चौथरा उभारला तरी इथल्या भेटीचा अर्थ बदलून जाईल. दुसरी उणीव वृद्धांसाठी पाठ टेकता येईल अशा बाकांची आणि पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी भक्कम कठड्याची. स्वच्छतागृह वर मिळेलच या भरवशावर राहू नये. महामार्गावरच्या एखाद्या चांगल्या उपाहारगृहात थांबून सर्व आवरून घ्यावे. कचऱ्याविषयी लिहिताना वाईट वाटते. ज्या शहराला स्वच्छतेचा राष्ट्रीय पुरस्कार वर्षानुवर्षे मिळतो, त्याच शहरातून आलेली माणसे चंबळच्या उगमापाशी वेफरच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या टाकून जातात. इथे टाकलेली पिशवी पहिल्या पावसात नदीच्या वाटेला लागते, हे इथे उभे राहून तरी कळायला हवे. घरून निघताना एक रिकामी थैली घ्यावी आणि आपला, जमल्यास शेजारचाही, कचरा तिच्यात भरून इंदूरला परत आणावा.

खाण्यासाठी चहा आणि किरकोळ पदार्थांवर अवलंबून राहण्यापेक्षा घरचा डबा न्यावा. पोळी-भाजी, दशम्या, लसणाची चटणी, असे वाऱ्यात न उडणारे आणि थंडही चांगले लागणारे पदार्थ योग्य. पाणी भरपूर न्यावे. माकडे दिसली तर डबा उघडा ठेवू नये आणि त्यांना खायला घालू नये.

भाड्याच्या गाडीने जाणाऱ्यांना एक सूचना. आम्ही एकदा ठरवलेल्या गाडीचा चालक दर्शन होताच निघण्याची घाई करू लागला, कारण त्याच्या मालकाने ही फेरी ‘जाऊन येऊन’ एवढीच धरली होती आणि थांबण्याचे पैसे वेगळे मागितले. दोष त्या चालकाला देण्यात अर्थ नाही. गाडी ठरवतानाच माथ्यावर दोन-अडीच तास थांबायचे आहे हे स्पष्ट सांगावे, शक्यतो पूर्ण दिवसाचा दर ठरवावा, आणि घाटात गाडी चालवलेला चालकच द्यावा असा आग्रह धरावा. त्याच दिवशी पाताळपाणीही उरकून टाकण्याचा मोह अनेकांना होतो; सोबत वृद्ध मंडळी असतील तर तसे करू नये, कारण मग दोन्हीकडे केवळ हजेरी लागते.

उतरताना चढतानापेक्षा अधिक सावध राहावे. गाडी न्यूट्रलवर सोडू नये, चढताना जो गिअर लागला तोच उतरताना ठेवावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. संधिप्रकाशात वळणांवरची माणसे आणि गुरे नीट दिसत नाहीत, तेव्हा सूर्यास्त पाहण्याची कितीही इच्छा असली तरी दिवस मावळण्याआधी महामार्गाला लागलेले बरे. सकाळी निघून दुपारच्या जेवणानंतर खाली यावे, हा क्रम घरातल्या वयस्करांना सर्वांत मानवतो.